साधी की रेसवाली

“सर, आता रेस बघता का?” शोरूममधली मुलगी म्हणाली, आणि मी रेस दिली.

माझ्या पिढीला ‘रेस’ म्हणजे उजवं मनगट. वडिलांच्या स्कूटरवर शिकलो तेव्हा ते मागून पळत “रेस दे, रेस दे, क्लच हळू सोड” एवढंच ओरडायचे. ते शब्द डोक्यात न जाता परस्पर हातात जाऊन बसलेत. त्या मुलीला म्हणायचं होतं की शेजारची दुसरी गाडी, म्हणजे ह्याच गाडीचा ‘रेस’ नावाचा प्रकार, आता बघून घ्या. मी साध्या प्रकारावर बसलेलो होतो, इंजिन चालू होतं, पहिला गिअर पडलेला होता आणि क्लच मी व्हिडिओत दाखवतात तसा ऐटीत दोन बोटांनी धरला होता. उजव्या हाताने रेस दिली. डाव्या हाताची बोटं दचकली आणि सुटली.

गाडी चार फूट पुढे गेली. तिथे हवेत उडी मारलेल्या एका चालकाचा माणसाएवढा पुठ्ठ्याचा कटआउट उभा होता. पुढचं चाक त्याच्या पोटात शिरलं आणि गाडी बंद पडली. वॉचमनने स्वतःची खुर्ची उचलून माझ्यापाशी आणून ठेवली. “बसा काका,” म्हणाला. मुलगी फार सभ्य होती.

“इट्स ओके सर, होतं असं.”

“याआधी कुणाचं झालंय?”

तिने खरंच आठवून बघितलं. “नाही सर.”

माझ्याबरोबर माझा मित्र होता. तो दातांचा डॉक्टर आहे, कोथरूडला आमच्याच सोसायटीत राहतो आणि रविवारी मातीत गाड्या घालणाऱ्या आमच्या पाच-सहा प्रौढांच्या टोळीचा म्होरक्या आहे. त्याला म्हटलं, “हे घरी कळायला नको.” तो म्हणाला, “छे रे.” मी घरी पोचलो तेव्हा बायको मोबाइलमध्ये पुठ्ठ्याच्या माणसाचं पोट दोन बोटांनी मोठं करून बघत होती.

आता मुळात पन्नाशी उलटलेल्या माणसाला एन्ड्युरो गाडी कशाला, हे सांगायला हवं. ही गाडी रस्त्यासाठी नसते. दगड, चिखल, ओढा, चढ यांतून तासन्‌तास जायचं, असा तिचा धर्म. मी पॉलिटेक्निकमध्ये मेकॅनिकल शिकवतो. पंचवीस वर्षं फळ्यावर स्प्रिंग काढतोय. फळ्यावरच्या माझ्या स्प्रिंगला कधी धक्का बसला नाही आणि मलाही नाही. दोन वर्षांपूर्वी दंतवैद्याने मला त्याच्या जुन्या गाडीवर बसवून पौड रस्त्याच्या पलीकडच्या माळावर सोडलं. त्या दिवशी मी अकरा वेळा पडलो. अकराही वेळा कुणी रागावलं नाही, कुणी ‘वयाला शोभतं का’ म्हटलं नाही. मातीत बसून मी एकटाच हसत होतो. इतकं निर्हेतुक मी बहुधा शाळेत असताना हसलो असेन.

तेव्हापासून दर रविवारी उसन्या गाडीवर चाललं होतं. मग गुडघा दुखायला लागला. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं, “सांभाळलंत तर पाच-सहा वर्षं आहेत. गुडघ्याची म्हणतोय मी.” तेव्हा मी स्वतःची गाडी घ्यायचं ठरवलं.

बायकोने नाही म्हटलं नाही. ती शनिवार पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत खेळ शिकवते. तिला पडण्या-झडण्याचं काही वाटत नाही. तिने फक्त आमच्या गॅलरीकडे बोट केलं. तिथे ट्रेडमिल आहे, त्यावर टॉवेल वाळतात. दुर्बीण आहे, तिच्यातून समोरच्या इमारतीतले टॉवेल दिसतात. एक बासरी आहे, तिचं जाऊ द्या.

“एक गाडी घ्या,” ती म्हणाली. “एकच. ही चुकली म्हणून दुसरी, असं करायचं नाही. ही कव्हराखाली गेली की तुमचं मातीत जाणं संपलं.”

अट कडक होती पण अन्यायाची नव्हती. म्हणजे माझे उरलेले पाच-सहा पावसाळे एका निवडीवर टांगलेले होते. साधी की रेसवाली.

फरक ऐकायला किरकोळ आहे. दोन्हींचं इंजिन एकच. दोन्हींना दिवे, नंबर, सगळं. रेसवालीचं सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारी स्प्रिंगांची जोडणी, जास्त लांब आणि जास्त कडक. जोरात येऊन उडी मारून खाली आपटलं तरी गाडी डगमगत नाही. सीट दोन-अडीच इंच उंच, आणि फळीसारखी. साधीचं सस्पेन्शन मऊ, सीट खाली, हळू चालवणाऱ्याला दयाळू. आणि रेसवालीच्या सीटला लाल शिवण आहे. हे मी फरकांत धरत नव्हतो. पण डोळे मिटले की तीच दिसायची.

दंतवैद्याचं मत तयार होतं. तो स्वतः रेसवाली चालवतो. त्याची गाडी इतकी स्वच्छ असते की तिच्यावर शस्त्रक्रिया करता येईल. चढ आला की तो खाली उतरून आमच्या चुका सांगतो.

“साधी घेशील आणि सहा महिन्यांत तिच्या पुढे जाशील,” तो म्हणाला. “मग रडशील. गाडी अशी घ्यावी की तिच्याइतकं आपण वाढावं.”

“माझं वाढायचं वय आहे का?”

“मनाने रे. वहिनी, तुम्हीच सांगा.”

बायको चहा ओतत होती. “पोटाने वाढतायत अजून,” ती म्हणाली.

तरी ‘तिच्याइतकं आपण वाढावं’ हे वाक्य मला लागलंच. आम्हाला लहानपणी सगळे कपडे याच तत्त्वावर शिवले गेले होते. शर्टात मी मावेपर्यंत त्याची कॉलर गेलेली असायची.

उंचीचा प्रश्न मात्र मनाने सुटणारा नव्हता. रेसवालीवर माझे पाय टेकतात का, हे शोरूममध्ये नीट कळलं नव्हतं, कारण त्या प्रसंगानंतर मला दुसऱ्या गाडीवर बसा असा आग्रह कुणी केला नाही. इंटरनेटवर लिहिलं होतं की सीटची उंची आणि पायाची आतली लांबी ताडून पाहा. घरी टेप घेऊन मी स्वतःची आतली लांबी मोजली. तीन वेळा मोजली आणि तीन आकडे आले, सगळे मला अनुकूल. मी शिक्षक आहे. असे आकडे आणणाऱ्या मुलांना मी प्रयोग पुन्हा करायला लावतो. म्हणून शनिवार पेठेत आमच्या जुन्या शिंप्याकडे गेलो.

“एक माप घ्यायचं होतं,” मी म्हटलं.

“पँट कुठाय?”

“पँट नाही शिवायची. फक्त माप.”

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. “फक्त माप घेत नाही आम्ही.”

“का?”

“माप घेऊन काय करणार तुम्ही? दुसऱ्याकडे शिवणार.”

मी त्यांना गाडीची गोष्ट सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकली, आणि कापड कुठलं दाखवू असं विचारलं. शेवटी मी एका राखाडी पँटची ऑर्डर दिली तेव्हा टेप गळ्यातून खाली आला.

“आतली एकोणतीस.”

“तीस नाही?”

“तीस पाहिजे तर तीस लिहितो. पँट लोळेल.”

“घरी मी साडेतीस मोजली होती.”

“घरी मोजा मग. कमरेचं घरी किती आलं होतं?”

मी विषय वाढवला नाही. एकोणतीस इंचांवर रेसवालीला माझ्या पायाची फक्त बोटं टेकतात, तीही एका बाजूची. सपाट जमिनीवर हे चालतं. माळावर जमीन जिथे सपाट असते तिथे कुणी थांबत नाही.

तरीही मी हरलो नव्हतो. माझ्या शिकलेल्या मनाने लगेच सांगितलं की उंची हा मुद्दाच नाही, मोठे मोठे चालक बुटके असतात, मुद्दा सस्पेन्शन जुळवण्याचा आहे. आणि स्प्रिंग हा माझा विषय.

आमच्या माळाच्या कडेला एका गृहस्थांचं शेत आहे. तरुणपणी ते मोटोक्रॉसच्या शर्यती मारायचे. आता साठीचे आहेत, शेतातच फेरा आखलाय आणि लोकांना गाडी शिकवतात. त्यांच्याकडे दोन्ही गाड्या आहेत. त्यांना आधी कळवलं आणि एका रविवारी सकाळी आम्ही नवरा-बायको कारने तिथे गेलो. दंतवैद्याला मुद्दाम सांगितलं नव्हतं, तरी तो आलेलाच होता.

बायकोने आंब्याखाली खुर्ची टाकली, उपम्याचा डबा मांडीवर घेतला आणि शाळेच्या मैदानावर बसते तशी बसली.

“वजन किती साहेब?” गुरुजींनी विचारलं. आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणतो. स्प्रिंग वजनाप्रमाणे आवळायची असते.

“अठ्ठ्याहत्तर.”

“सोमवारी सत्त्याऐंशी होतं,” आंब्याखालून आवाज आला.

“कपड्यांसकट,” मी म्हटलं.

“गाडीवर कपडे घालूनच बसणार ना?” गुरुजी म्हणाले, आणि पाना फिरवायला लागले.

पहिल्यांदा रेसवाली घेतली. तिच्यावर चढायला मला एका दगडाची मदत लागली. फेरा तसा साधा होता: आधी खडकाळ पट्टा, मग ओढ्याची वाळू, मग एक छोटा चढ आणि चढावर वळण. खडकाळ पट्ट्यावर गाडीने मला प्रत्येक दगडाची स्वतंत्र ओळख करून दिली. मनगटं बधिर झाली. दात दंतवैद्याच्या हवाली करायची वेळ आली. एक फेरा करून परत आलो आणि सस्पेन्शन मऊ करायला खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.

“कंप्रेशन जास्त आहे,” मी म्हटलं. “चार क्लिक मागे घेतो. मग रिबाउंड दोन.” आणि गुरुजींना समजावून सांगितलं की तेल बारीक छिद्रातून जाताना नेमकं काय होतं. ते अतिशय आदराने ऐकत होते. स्क्रू फिरवून मी पाणी प्यायला गेलो, येऊन दुसरा फेरा मारला.

“आता कसं वाटतंय साहेब?”

“जमीन-अस्मानाचा फरक. लोण्यासारखी झाली.”

“तुमी पाणी प्यायला गेला तवा मी हुतं तसं करून ठिवलं,” गुरुजी म्हणाले. “दुसऱ्या गिऱ्हाइकाची क्लिकची सेटिंग हाय ती.”

दंतवैद्य लांब जाऊन हसला. मला त्याची पाठ हलताना दिसत होती.

मग गुरुजींनी मला बाजूला घेतलं. माझ्या विषयातलं, पण माझ्या फळ्यावर कधी न आलेलं त्यांनी सांगितलं. “ही गाडी वाईट न्हाई साहेब. हिला रेस द्यावी लागती. जोरात गेलं की तिचं सस्पेन्शन खाली बसतं, मग ती दगड गिळती. तुमी दगड दिसला की रेस सोडताय. मग ती म्हणती, गिळू कशाला, घ्या तुमीच.”

हे मला पटलं. म्हणून तिसऱ्या फेऱ्याला मी ठरवून रेस दिली. खडकाळ पट्टा खरंच बरा गेला, आणि पुढच्या वीस सेकंदांत मी कोण होतो ते मला सांगता येणार नाही. वाळूही गेली. चढावर वळताना वेग अंगावर आला, मी थांबलो, पाय टेकायला गेलो आणि जमीन शिंप्याने सांगितलेल्या जागी होती. म्हणजे दीड इंच खाली. गाडी अत्यंत सावकाश माझ्यासकट आडवी झाली. अशा वेळी पडणं टळत नाही, नुसतं लांबतं.

मी उठलो. “क्लच केबल ताणलीय,” आंब्याकडे बघत मोठ्याने म्हणालो. “आणि चढावर कुणीतरी पाणी सांडलंय.” पाणी कुणी सांडलं नव्हतं, चढावर मार्चातली धूळ होती. गुरुजींनी येऊन गाडी उचलली. मी हातमोजे काढून बघत राहिलो, जणू चूक त्यांच्यात सापडणार होती.

मग साधी. दगड लागला नाही, सरळ टांग टाकून बसलो. दोन्ही टाचा टेकल्या नाहीत, पण दोन्ही चवडे टेकले. खडकाळ पट्ट्यावर दगड होते तेवढेच होते, पण आता ते गाडीचे होते, माझे नव्हते. रेस द्यायची आहे हे लक्षात ठेवावं लागलं नाही. दोन फेरे झाले, तीन झाले. चौथ्याला मी खडकाळ पट्ट्यावरून ओढ्यात उतरताना उभा राहून चालवत होतो. हे मला येत नाही. तिथेच ओढ्याच्या वाळूत पुढचं चाक रुतलं आणि मी हँडलवरून जाऊन वाळूत पालथा पडलो.

तोंडात वाळू गेली होती. गाडीचं इंजिन अजून चालू होतं, मागचं चाक हवेत गरगरत होतं. मी बटण दाबून ते बंद केलं, हँडल धरून गाडी उभी केली, ब्रेकची दांडी वाकली का ते पाहिलं, सरळ होती. पुन्हा बसलो आणि उरलेला फेरा पुरा केला. नंतर मला सांगण्यात आलं की मी हसत होतो.

झाडाखाली येऊन उपमा खाल्ला. दंतवैद्य म्हणाला, “अर्थात आज पहिला दिवस होता. रेसवालीला सवय लागते.”

“किती दिवस लागले तुला?” मी विचारलं.

तो डब्यात बघत म्हणाला, “लागतायत अजून.”

मला वाटतं, तेवढं खरं तो माझ्याशी आधी कधी बोलला नव्हता. त्याला उपमा वाढला. म्हटलं, एकदा साधीवर एक फेरा मारून बघ. त्याने आजूबाजूला बघितलं, टोळीतलं दुसरं कुणी आलेलं नाही याची खात्री केली आणि गेला. दोन फेरे मारून आला. गाडीला धूळ लागली होती आणि ती त्याने पुसली नाही, कारण गाडी त्याची नव्हती. “बरी आहे,” एवढंच म्हणाला.

मी तिथूनच शोरूममधल्या मुलीला फोन केला. आवाजावरून तिने ओळखलं.

“सर, कटआउटवाले सर ना?”

“तेच. साधी नक्की करा.”

“स्टँडर्ड ना सर? शुअर? रेसचं वेटिंग कमी आहे.”

“साधी,” मी म्हटलं. एकदा म्हटलेलं दुसऱ्यांदा म्हणताना सोपं गेलं. फोन ठेवल्यावर लाल शिवण एकदा डोळ्यांपुढे आली. खोटं कशाला सांगू.

परत येताना कार बायको चालवत होती, कारण माझी मनगटं अजून आपली वाटत नव्हती. चांदणी चौकाच्या अलीकडे वाहतूक तुंबली, तेव्हा मी तिला माझा निर्णय समजावून सांगायला घेतला. वजन, वेग, स्प्रिंगचा कडकपणा, आतली लांबी, उतारावर गुरुत्वमध्य कुठे येतो. दहा मिनिटं सांगितलं. गुडघ्यावर बोटाने आकृतीसुद्धा काढली. म्हटलं, “एकूण शास्त्रीयदृष्ट्या बघता साधीच योग्य होती, असं माझ्या लक्षात आलं.”

तिने पुढच्या बसवरची नजर काढली नाही.

“रेसवालीवरून पडलात,” ती म्हणाली, “तेव्हा आधी कोण बघतंय ते बघितलंत. साधीवरून पडलात तेव्हा आधी गाडी उचललीत. मला तिथेच कळलं. तुम्ही पडता दोन्हींवरून, त्यात शास्त्र काही नाही.”